चूक टळली, तरी लिहून ठेवा

कोल्हापुरातल्या पन्नास खाटांच्या कुठल्याही हॉस्पिटलात जनरल वॉर्डची यादी काढली, तर तीन-चार पाटील हमखास निघतात. त्यातले दोघे संभाजी असले तरी कुणाला नवल वाटत नाही. एक करवीर तालुक्यातला, दुसरा राधानगरीकडचा. दुपारी नवा पेशंट येतो म्हणून एकाची खाट बदलते, आणि संध्याकाळच्या ड्यूटीची सिस्टर सवयीनं ‘सात नंबरचं इन्सुलिन’ घेऊन सात नंबरच्या खाटेपाशी जाते. बहुतेक वेळा काही होत नाही. ‘सिस्टर, मला शुगर न्हाई ओ,’ असं पेशंटच म्हणतो, नाहीतर उशाशी बसलेली बायको हटकते. सिस्टर सिरिंज मागं घेते, मनात अंबाबाईला हात जोडते आणि पुढच्या खाटेकडे वळते. झाला प्रकार कुठं लिहिला जात नाही, डॉक्टरांच्या कानावर जात नाही, आणि रात्रपाळीच्या सिस्टरसाठी तोच सापळा तसाच लावलेला राहतो.

क्लिनिकल रिस्क मॅनेजमेंट म्हटलं की पुष्कळ डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर एनएबीएचच्या तपासणीआधी घाईनं भरलेल्या फायली येतात. फायली लागतात, नाही असं नाही. पण उपचार करता करता रुग्णाला इजा कुठून होऊ शकते हे आधी हेरायचं आणि ती वाट बंद करायची, हे खरं काम आहे. आणि त्याची सुरुवात त्या मागं घेतलेल्या सिरिंजपासून होते. राजारामपुरी-शाहूपुरीतली, तशीच इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूरमधली वीस ते शंभर खाटांची हॉस्पिटलं मनात धरून हा लेख लिहिला आहे. तिथं वेगळा क्वालिटी विभाग नसतो. मालक डॉक्टर, मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टर, एखादा आरएमओ आणि फार्मसी सांभाळणारा माणूस, एवढ्यांनीच हे करायचं असतं. आणि एवढ्यांना ते करता येतं.

एका वॉर्डात एक वही ठेवा. सगळ्या हॉस्पिटलभर एकदम नको. जिथली इन्चार्ज सिस्टर धीराची आहे, तो वॉर्ड निवडा. वहीत चार गोष्टी लिहायच्या: तारीख-वेळ, काय होता होता राहिलं, ते कशामुळं लक्षात आलं, आणि तिथं त्या वेळी काय चाललं होतं. लिहिणाऱ्यानं नाव घालायची सक्ती नको. ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे, त्या मावशींनी आणि वॉर्डबॉय मामांनी सिस्टरला तोंडी सांगावं, सिस्टरनं लिहावं. न्हाणीघरात कुठल्या फरशीवर म्हातारी माणसं घसरतात, हे मावशींइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वीस मिनिटं ही वही मालक डॉक्टरांच्या समोर वाचली गेली पाहिजे. मागच्या आठवड्याच्या नोंदींचं काय केलं, हे आधी सांगायचं. मग नव्या नोंदी वाचायच्या. हा क्रम मोडला की वही महिन्याभरात कोरी पडते, कारण लिहून काही होत नाही हे माणसांना फार लवकर कळतं.

वहीच्या आड येणारी मोठी गोष्ट म्हणजे भीती. आपल्याकडे चूक सांगितली की मेमो मिळतो, पगार कापला जातो, चार लोकांत पाणउतारा होतो. म्हणून पहिल्या नोंदीला मालक डॉक्टर कसे वागतात, यावर पुढचं सगळं ठरतं. ज्या सिस्टरनं पहिली नोंद केली, तिला सगळ्यांसमोर ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणा, आणि त्याच आठवड्यात त्या नोंदीतली एक तरी अडचण दूर करा. सवलतीची हद्दही आधीच सांगून ठेवा. मुद्दाम केलेलं, नशेत केलेलं, आणि कागदात फेरफार करून झाकलेलं, या तिन्हींना माफी नाही. बाकी जे प्रामाणिकपणे सांगितलं, त्यासाठी शिक्षा होणार नाही, हे लेखी द्या आणि पाळा. एकदा जरी शब्द फिरवला, तरी ती बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळ्या मजल्यांवर पोचलेली असते.

नोंद आली की तिच्या मुळाशी कसं जायचं, ते एका उदाहरणानं पाहू. समजा, वहीत लिहिलंय: ‘दहा युनिट इन्सुलिन सांगितलं होतं, पंचवीस युनिट भरलं गेलं. दुसऱ्या सिस्टरनं पाहिलं म्हणून दिलं गेलं नाही.’ पहिला विचार येतो तो असा की सिस्टरचं लक्ष नव्हतं. तिला ताकीद द्या, भिंतीवर सूचना लावा. तिथं थांबू नका. पंचवीसच कसं भरलं गेलं, हे विचारा. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. शंभरच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं की बरोबर पंचवीस युनिट येतात. म्हणजे सिस्टरनं खूण नीट पाहिली होती. मग शंभरची कुपी वॉर्डात आली कशी? नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणली. बाहेरून का आणावी लागली? हॉस्पिटलच्या फार्मसीत शनिवारी साठा संपला होता. का संपला? किमान किती कुप्या असाव्यात, हे कुणी ठरवलंच नव्हतं. बघता बघता प्रश्न सिस्टरच्या लक्षाचा राहिला नाही. तो फार्मसीच्या फळीचा झाला.

आता उपाय. इथं एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी अशी आहे. सूचना लावणं आणि ‘काळजी घ्या’ म्हणणं हा सगळ्यांत दुबळा उपाय. प्रशिक्षण त्याहून थोडं बरं. दुसऱ्या व्यक्तीनं तपासणं त्याहून बरं, पण रात्री तीन वाजता दुसरी व्यक्ती असतेच असं नाही. सगळ्यांत भक्कम उपाय म्हणजे चूक करायची सोयच काढून घेणं. वॉर्डात एकाच ताकदीच्या कुप्या आणि एकाच रंगाच्या सिरिंज ठेवायच्या, बाहेरून आलेली कुपी फार्मासिस्टनं पाहिल्याशिवाय वॉर्डात घ्यायची नाही, आणि साठा ठरलेल्या आकड्याखाली आला की मागणी जायलाच हवी. असे तीन बदल भिंतीवरच्या तीस सूचनांपेक्षा जास्त माणसं वाचवतील. पोटॅशियम क्लोराइडचंही तसंच. दहा मिलीलिटरची ती अँप्युल पातळ न करता शिरेतून वेगानं गेली तर हृदय थांबतं, आणि ट्रेमध्ये ती डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी पडलेली असते. ती जनरल वॉर्डच्या कपाटातून आजच उचला. अतिदक्षता विभागात आणि ओटीत वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात, लाल पट्टी लावून ठेवा. या कामाला समिती लागत नाही, खर्चही होत नाही.

वही तीन-चार महिने चालली की धोक्यांची यादी आपोआप तयार होते. मग त्यांना क्रम लावायचा. जगभर वापरली जाणारी रीत सोपी आहे. गोष्ट घडण्याची शक्यता एक ते पाच आणि घडल्यास होणारी इजा एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार. पंधराच्या वर आलं तर या आठवड्यात हात घाला. आठ ते पंधरा असेल तर या तिमाहीत. खाली असेल तर नजर ठेवा. प्रत्येक धोक्यापुढं एका माणसाचं नाव आणि एक तारीख हवीच. ‘सर्व स्टाफ’ असं लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं. मात्र आकड्यांच्या फार आहारी जाऊ नका. एक गुणिले पाच म्हणजे पाच. म्हणून चुकीच्या गटाचं रक्त चढण्याचा धोका यादीत तळाला टाकला, तर ते गणित बरोबर असूनही अक्कल चुकलेली असेल. जिथं इजा पाच आहे, तिथं शक्यता कितीही कमी असो, अडसर भक्कम हवा.

पाटलांच्या गोष्टीतला अडसर कोणता? खाटेचा नंबर ही ओळख मानायची नाही. मनगटावर पट्टी, तीवर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. औषध, रक्त, तपासणीचा नमुना, शस्त्रक्रिया, यांतलं काहीही करण्याआधी दोन्ही ताडून पाहायचं. आणि विचारताना ‘तुम्ही संभाजी पाटील ना?’ असं विचारायचं नाही. गुंगीतला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही ‘व्हय’ म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा,’ असं म्हणा. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या पेशंटांत कन्नड बोलणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी कुठल्या पाळीत कोण कन्नड बोलू शकतं, याची यादी नर्सिंग स्टेशनवर लावा. संमतिपत्रावर सही घेताना भाषा कळली नसेल, तर ती सही म्हणजे नुसती शाई.

फोनवरच्या ऑर्डरी हा आपल्याकडचा खास धोका. कन्सल्टंट दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशनला उभे, इकडे आरएमओ फोनवर औषध लिहून घेतो. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर हमखास घोटाळा करतात. नियम करा: ऐकलं ते लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, आकडा सुटा म्हणायचा (‘एक-पाच, पंधरा’), आणि पलीकडून ‘बरोबर’ आल्यावरच द्यायचं. युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसता यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि चाराचे चाळीस होतात. कन्सल्टंटनी चोवीस तासांत केसपेपरवर सही करायची. वाचून दाखवणाऱ्या सिस्टरवर फोनमधून खेकसणारे डॉक्टर असतील, तर त्यांच्याशी मालक डॉक्टरांनी स्वतः बोलावं. ते काम सिस्टरवर ढकलू नये.

आता ओटी. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात मॉप राहून गेला. दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर तो सापडला, पण तिचा जीव गेला. नवऱ्यानं लढवलेला खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला आणि १९९६ साली कोर्टानं राज्य सरकारला जबाबदार धरलं. तेहेतीस वर्षं लागली. शस्त्रक्रियेआधी आणि टाके घालण्याआधी मॉप मोठ्यानं मोजणं, फळ्यावर लिहिणं आणि आकडा जुळल्याशिवाय पोट बंद न करणं, याला तीन मिनिटं लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली आणलेली सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट याच विचारातून आली. ती तयार करण्यात पुढाकार घेणारे डॉ. अतुल गवांदे मूळचे आपलेच. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. एकोणीस ओळींचा तो कागद आज कोल्हापुरातही बऱ्याच ओटींत असतो. पण ऑपरेशन संपल्यावर सगळ्या चौकटींत एकदम टिक केली, तर त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. सर्जन एका हॉस्पिटलातून येतात, भूलतज्ज्ञ दुसरीकडून, आणि दोघांनाही पुढची केस असते. त्यांनी पेशंटला आदल्या दिवशी पाहिलेलंही नसतं. म्हणून चेकलिस्ट वाचायचं काम ओटीच्या सिस्टरकडं द्या आणि एक नियम सगळ्या बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवा: सिस्टरनं नाव, शस्त्रक्रिया, बाजू, ॲलर्जी वाचून प्रत्येकाचं उत्तर घेतल्याशिवाय ती सर्जनच्या हातात सुरी देणार नाही. डावा-उजवा असा प्रश्न असलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेत पेशंट जागा असताना, त्याला विचारून, कातडीवर खूण करायची. एखादे ज्येष्ठ सर्जन नाराज होतील. दोन महिन्यांनी तेच दुसऱ्या हॉस्पिटलात हा नियम मागतात, असाच बहुतेकांचा अनुभव असतो.

औषधखरेदीवर थोडंच लिहितो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलनं चौदा रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषध कुठल्या कुठल्या हातांतून आलं, हे उलगडून दाखवलं. तुमच्याकडं उद्या एखादी बॅच परत मागवली गेली, तर ती कुठल्या पेशंटला दिली हे तासाभरात सांगता येतं का? येत नसेल, तर आजपासून बॅच नंबर केसपेपरवर लिहायला लागा. औषधाचा अनपेक्षित दुष्परिणाम दिसला, तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतो.

इमारतीकडे वळू. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि दाब पडून वीसहून जास्त रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या, आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्याआधी, २८ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ट्रॉमा केअर सेंटरमध्येही करोनाच्या अतिदक्षता विभागात आग लागली होती आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी धुरातून रुग्णांना बाहेर काढलं होतं. आग पुन्हा पुन्हा अशाच कक्षांत का लागते? तिथं हवेत ऑक्सिजन जास्त असतो, यंत्रं दिवसरात्र चालू असतात, एसी कधी बंद होत नाही, वायरिंग आधीच्या भाराच्या हिशेबानं घातलेलं असतं. आणि तिथले पेशंट स्वतःच्या पायांनी पळू शकत नाहीत.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते घ्याच, पण त्या कागदावर विसंबू नका. रात्रपाळीची तालीम घ्या, दिवसाची नको. रात्री दोन वाजता, दोन सिस्टर आणि एक मामा हजर असताना, व्हेंटिलेटरवरचा पेशंट कुठल्या दारानं, कशावरून, कुठं न्यायचा? अंबू बॅग कुठं आहे? मजल्याचा ऑक्सिजनचा वॉल्व्ह कुणाला ठाऊक आहे, आणि बंद करायचा निर्णय कोण घेणार? जिन्यात गाद्या नि जुन्या खाटा रचलेल्या असतील, तर त्या हलवायला तालमीचीही वाट पाहू नका.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, महापालिकेची पाणी उपसा केंद्रं बुडाली, ऐन पुरात शहराला टँकर लागले. हे हॉस्पिटलला किती जड जातं, ते डायलिसिस करणाऱ्यांना विचारा. चार तासांच्या एका फेरीत यंत्रातून सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी जातं, आणि आरओत वाया जाणारं वेगळं. म्हणून पुराची योजना नदीच्या पातळीला बांधा. ३९ फूट इशाऱ्याची आणि ४३ फूट धोक्याची पातळी कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. प्रशासन ती सतत जाहीर करत असतं. ३५ फुटांना डिझेल, ऑक्सिजन, रक्तपेढीशी बोलणी. ३९ ला टाक्या भरणं, तळघरातलं काही असेल ते वर, डायलिसिसच्या पेशंटांना फोन करून पाळ्या अलीकडे घेणं. ४३ ला ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढं ढकलणं, आणि चिखली-आंबेवाडी-शिरोलीकडच्या स्टाफची शहरातच राहायची सोय. गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली गेला की तिकडून अडलेली बाळंतीण येऊ शकणार नाही; त्या भागातल्या शेवटच्या महिन्यातल्या बायकांना आधीच इकडे बोलवून घ्यायचं. जनरेटर तळघरात असेल, तर या उन्हाळ्यात तो वर चढवा. खर्च मोठा आहे, पण टाळण्यासारखा नाही.

एवढं करूनही इजा होईल. तेव्हा काय करायचं, हे शांत असतानाच ठरवून ठेवा. पहिलं काम पेशंटचं, दुसरं नातेवाइकांचं. उपचार करणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी स्वतः, खोलीत बसवून, दार लावून, त्यांच्या भाषेत सांगावं: काय झालं, आता काय करतोय, काय अजून कळलेलं नाही, आणि पुन्हा किती वाजता भेटू. मग त्या वेळेला खरंच भेटावं. वाईट वाटतंय, हे म्हणायला घाबरू नये. कॉरिडॉरमध्ये आरएमओच्या तोंडून अर्धवट बातमी कळली की संशय वाढतो, आणि दगड अशाच वेळी उचलले जातात. हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण तो हल्ला झाल्यानंतर कामाला येतो. ज्या सिस्टरच्या हातून ते घडलं, तिला त्या रात्री एकटी घरी पाठवू नका, आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीवर लगेच उभीही करू नका. वापरलेली अँप्युल, सिरिंज, सलाईनचा सेट जपून ठेवा. यंत्र असेल तर आहे त्या स्थितीत बाजूला काढा. केसपेपरवर मागाहून काही लिहायचं राहिलं असेल, तर त्या क्षणाची तारीख-वेळ घालून नवी नोंद करा, जुन्या ओळीला हात लावू नका. आणि तपास संपला की नातेवाइकांना पुन्हा बोलवा, चहा द्या, आणि त्यांच्या माणसाच्या बाबतीत जे घडलं त्यानंतर वॉर्डात नेमकं काय बदललं, ते तिथं नेऊन दाखवा.